कापडाचे माप आणि माणसाचे माप

ज्या गावाचे पोट कापड मोजण्यावर चालते, त्या गावाला मापाचे महत्त्व आम्ही काय सांगावे! परंतु कापड वारावर मोजावे, दूध शेरावर मोजावे, तशी माणसाची प्रगती कशावर मोजावी, हा प्रश्न भिवंडीकरांनीही स्वतःला विचारण्याजोगा आहे. आज जगभर त्याचे एकच उत्तर दिले जाते: राष्ट्रीय उत्पन्न वाढले की माणूस पुढे गेला. हे उत्तर आपण याच गावाच्या इतिहासावर घासून पाहू.

१८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून परागंदा झालेली मोमिन विणकरांची कुटुंबे येथे येऊन स्थिरावली आणि घरोघर हातमाग चालू लागले. १९३० च्या दशकात यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेल्या मागांना येथे दुसरा जन्म मिळाला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांचे पुष्कळसे काम भिवंडीकडे वळले. कापडाच्या हिशेबाने पाहिले, तर ही सलग उत्कर्षाची कथा आहे.

आता मागाशेजारी उभे राहून तीच कथा वाचा. पाळी बारा तासांची, मजुरी विणलेल्या कापडावर, नाकातोंडात तूस आणि कानांत खडखडाट. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार असले की १९४८ चा कारखाने कायदा लागू होई. म्हणून एकाच छपराखालचे माग निरनिराळ्या नावांवर दाखविण्याची वहिवाट पडली. संपात मुंबईचा कामगार देशोधडीला लागला आणि त्याचे काम येथे आले. पण त्याला गिरणीत मिळणारे संरक्षण काही त्या कामाबरोबर आले नाही. हिशेबाच्या वहीत मात्र एवढेच उमटले, की कापड विणले गेले.

वहीचा हा दोष वही घालणाऱ्यांना ठाऊक नव्हता असे नाही. दादाभाई नौरोजींनी हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न दरडोई सुमारे २० रुपये ठरविले. पण त्या आकड्यावर ते थांबले नाहीत. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राला काय खर्च येतो, तो त्यांनी शेजारी मांडला आणि स्वतंत्र फिरणाऱ्या माणसाच्या वाट्याला तेवढेही येत नाही, हे १८७६ साली दाखवून दिले. आकड्याला माणसाच्या गरजेशी भिडविले, म्हणूनच तो आकडा बोलला. सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब १९३४ साली सिनेटपुढे ठेवला, तेव्हाच बजावले होते, की एवढ्यावरून राष्ट्राच्या सुखाचे अनुमान करू नये. आकडा राहिला, इशारा विसरला गेला.

भिवंडीने या विसराचा अर्थ स्वतः अनुभवला आहे. मे १९७० मध्ये आणि पुन्हा मे १९८४ मध्ये येथे दंगली पेटल्या. दुसरी दंगल झाली ती धंदा वाढत असतानाच्या काळात. जळालेली घरे पुन्हा बांधली, की विटांचा आणि गवंड्याच्या मजुरीचा आकडा उत्पन्नात जमा होतो. गेलेला माणूस आणि तुटलेला शेजार यांची वजाबाकी कोठेच होत नाही.

उलट बाजूही पाहा. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे पोलिसांसमवेत नियमाने एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या बैठकांत कोणी काही विकले नाही, कोणी काही विकत घेतले नाही. म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात त्या बैठकांची किंमत शून्य! या गावाने केलेली सर्वांत मोठी प्रगती जे माप टिपू शकत नाही, ते प्रगतीचे माप कसे म्हणावे?

कोणी विचारील, मग उत्पन्न वाढूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. अर्धपोटी माणसाला संतोषाचे पाठ देणे हा क्रूरपणा आहे, आणि याच मागांनी दूरदूरच्या हजारो घरांतल्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत. आमचे म्हणणे इतकेच, की उत्पन्न हे साधन आहे. साधनालाच साध्याच्या पाटावर बसवू नये. महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारांतून १९९० साली मानवी विकासाचा निर्देशांक पुढे आला. त्यात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण यांना स्थान मिळाले. माप सुधारता येते, याचा हा पुरावा आहे. पण शेजारधर्म आणि निर्धास्त झोप यांना त्यातही जागा नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये येथील एक इमारत पहाटे कोसळून तीसहून अधिक माणसे झोपेतच दगावली. त्या घरांचे भाडे, ती पडेपर्यंत, उत्पन्नातच धरले जात होते. आता मागांच्या जोडीला महामार्गालगत मोठमोठी गोदामे उभी आहेत आणि गावाच्या भरभराटीचे नवे आकडे सांगितले जात आहेत. ते आपण आनंदाने ऐकावेत. पण सांगणाऱ्याला दादाभाईंच्या रीतीने विचारावे, की ओझे वाहणाऱ्याची पाळी किती तासांची आहे, त्याच्या डोक्यावरचे छप्पर पक्के आहे काय, आणि त्याचे मूल शाळेत जाते की नाही.