भाताच्या बांधावरचे तपकिरी फुलपाखरू नेमके कोणते? फोटोवरून स्किपर ओळखण्याची पद्धत

रत्नागिरीत पाऊस ओसरू लागला की भाताचे बांध, कातळसडे आणि परसबागा फुलपाखरांनी गजबजतात. मोबाइलवर टिपलेले फोटो लगेच फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या गटांत येतात. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेले ब्लू मॉरमॉन कुणीही ओळखते. पण अंगठ्याच्या नखाएवढे तपकिरी फुलपाखरू आले की एक जण त्याला ‘राइस स्विफ्ट’ म्हणतो, दुसरा ‘स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट’, तर तिसरा ‘हा तर पतंग’ म्हणतो. अशा वेळी नाव कोण सांगतो यापेक्षा फोटोत पंखाची कोणती बाजू दिसते, हे महत्त्वाचे असते.

स्किपर म्हणजे काय?

स्किपर हे हेस्परिडी कुळातील फुलपाखरांचे नाव. जगात त्यांच्या साडेतीन हजारांच्या आसपास, तर भारतात तीनशेच्या आसपास प्रजाती आहेत. जाडसर शरीर, मोठे डोके आणि झटके देत केलेले वेगवान उड्डाण यामुळे ते पतंगासारखे वाटतात. खात्रीची खूण म्हणजे मिशा. त्या मुळाशी एकमेकींपासून लांब असतात आणि बहुतेकांत टोकाला आकड्यासारख्या वळलेल्या दिसतात.

आधी बसण्याची ढब पाहा

रंगाआधी बसणे पाहिले तर निम्मे काम होते. ‘फ्लॅट’ गटातील स्किपर पंख पूर्ण पसरून बसतात, पुष्कळदा पानाच्या खाली. ‘स्विफ्ट’ आणि ‘डार्ट’ पंख मिटून बसतात. ऊन खाताना मात्र ते पुढचे पंख अर्धे उचलतात आणि मागचे आडवे ठेवतात.

स्विफ्टमधला फरक कसा पाहावा?

भातशेतीजवळ दिसणारे तपकिरी स्किपर बहुधा स्विफ्ट असतात. त्यांच्या अळ्या भात आणि इतर गवतवर्गीय वनस्पतींवर वाढतात. ओळखण्यासाठी मिटलेल्या पंखांचा, म्हणजे मागच्या पंखाच्या खालच्या बाजूचा फोटो हवा.

• स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट: मागच्या पंखावर बारीक पांढऱ्या ठिपक्यांची वळलेली ओळ असते. शिवाय पंखाच्या मुळाकडील बंदिस्त कप्प्यात एक वेगळा ठिपका असतो. नराच्या पुढच्या पंखावर, वरच्या बाजूला, एक तिरकी बारीक रेषा असते. नावातला ‘ब्रँड’ तो हाच.

• राइस स्विफ्ट: मागच्या पंखावर ठिपके असतात, पण त्या कप्प्यातला ठिपका नसतो. नरालाही तिरकी रेषा नसते.

• स्ट्रेट स्विफ्टचा गट: मागच्या पंखावरचे ठिपके साधारण सरळ ओळीत असतात. मिशा तुलनेने आखूड असतात.

• ब्लँक स्विफ्ट: मागचा पंख सहसा कोरा असतो.

यात एक फसगत आहे. ब्रँडेड स्विफ्टच्या मादीला तिरकी रेषा नसते, त्यामुळे रेषा दिसली नाही म्हणून ते राइस स्विफ्ट ठरत नाही. ठिपकेही कमी-जास्त ठळक असतात, आणि जुन्या फुलपाखराचे खवले झडल्यावर ते पुसट होतात. म्हणून एका खुणेवर नाव ठरवू नये, दोन-तीन खुणा जुळायला हव्यात.

हळदीच्या पानाजवळचे ‘डेमन’

परसातल्या हळदीची पाने गुंडाळून आत राहणारी अळी अनेकांनी पाहिली असेल. ती बहुधा ‘ग्रास डेमन’ची असते. या गडद फुलपाखराच्या मागच्या पंखावर मोठा पांढरा डाग असतो, त्यामुळे ते सहज ओळखता येते.

खरा गोंधळ होतो तो आले-हळदीच्या कुळावरच वाढणाऱ्या दोन भाऊबंदांत. ‘रिस्ट्रिक्टेड डेमन’ आणि ‘कॉमन बँडेड डेमन’ या दोघांच्याही काळपट पुढच्या पंखावर पांढरा पट्टा असतो. रिस्ट्रिक्टेडच्या पंखाच्या टोकाजवळ बारीक पांढरे ठिपके असतात, तर बँडेडला ते सहसा नसतात. पंखाच्या खालच्या बाजूला बँडेडचा पट्टा पुढच्या कडेपर्यंत पोहोचतो, रिस्ट्रिक्टेडचा आधीच थांबतो.

फुलपाखरू कोणत्या झाडावर होते ही माहितीही पुराव्यासारखीच उपयोगी पडते. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या १८८३ मधील संस्थापकांपैकी एक, एडवर्ड हॅमिल्टन एटकिन, मीठ आणि जकात खात्याच्या नोकरीत रत्नागिरीतही होते. डेव्हिडसन आणि बेल यांच्यासोबत त्यांनी १८९० च्या दशकात उत्तर कॅनरातील फुलपाखरांवर लिहिले. त्या कामात अळ्या आणि त्यांची खाद्यवनस्पती यांना मोठे स्थान होते.

फोटो कुठे कमी पडतो?

‘पाम डार्ट’मधील फिकट प्रजातीचा पिवळा रंग पुढच्या पंखाच्या शिरांवरून कडेपर्यंत जातो आणि गडद प्रजातीची कड काळपट राहते. पण हे पंख उघडे असतील तरच दिसते. ‘पोटॅन्थस’ गटातील पिवळ्या-तपकिरी डार्टच्या अनेक प्रजाती तर चांगल्या फोटोवरूनही खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. ब्रिगेडियर डब्ल्यू. एच. एव्हान्स यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्किपरच्या सूचीतही या रचनेवर भर होता. अशा वेळी ‘पोटॅन्थस गटातील डार्ट’ एवढेच लिहिणे हे पूर्ण आणि बरोबर उत्तर असते.

चुकीच्या नावाने काय बिघडते?

आयनॅचरलिस्टसारख्या व्यासपीठावर दोन-तृतीयांशाहून अधिक ओळखणाऱ्यांचे प्रजातीवर एकमत झाले की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ ठरू शकते. योग्य परवाना असेल तर ती जीबीआयएफ या जागतिक माहितीसाठ्यात जाते. तिथून अभ्यासक प्रजातींच्या वावराचे नकाशे करतात. पहिल्याने अंदाजाने दिलेल्या नावाला दुसऱ्याने न तपासता ‘हो’ म्हटले, तर रत्नागिरीत न दिसलेले फुलपाखरूही नकाशावर येऊ शकते.

फोटो घेताना आणि टाकताना

• आधी लांबून एक फोटो घ्या, मग हळूहळू जवळ जा. सावली फुलपाखरावर पडू देऊ नका.
• मिटलेल्या पंखांचा बाजूने एक आणि उघड्या पंखांचा वरून एक फोटो मिळवा. मिशा फ्रेममध्ये असू द्या.
• एकाच फुलपाखराचे सगळे फोटो एकत्र टाका. फिल्टर वापरू नका, कारण खालच्या बाजूची हिरवट किंवा पिवळसर छटाही ओळखीला मदत करते.
• तारीख, गाव, अधिवास आणि झाडाचे नाव लिहा.
• ओळखण्यासाठी फुलपाखरू पकडू नका.
• नाव सुचवताना कोणत्या खुणेवरून सुचवले ते लिहा. ‘मागच्या पंखाच्या कप्प्यात ठिपका आहे’ हे एक वाक्य असले की पुढचा माणूस ते नाव तपासू शकतो.