दायान, पीटर
दायान, पीटर : (१९६५– ). ब्रिटिश संगणकीय मेंदूवैज्ञानिक. बक्षिसावरून शिकताना मेंदू नेमके कोणते गणित करतो, या प्रश्नावरील कामासाठी ते ओळखले जातात. डोपामिन स्रवणाऱ्या चेतापेशी सुखाची नव्हे, तर अंदाज किती चुकला याची वार्ता मेंदूभर पोचवतात, हा विचार रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

केंब्रिज विद्यापीठात गणित शिकल्यावर त्यांनी डेव्हिड विलशॉ यांच्या मार्गदर्शनाखाली एडिंबरो विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली (१९९१). पुढे कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत टेरेन्स सेजनोव्स्की यांच्याकडे व टोरांटो विद्यापीठात जेफ्री हिंटन यांच्याकडे संशोधन, मग एमआयटीत काही काळ अध्यापन. १९९८ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गॅट्सबी संगणकीय मेंदूविज्ञान केंद्र सुरू झाले, त्याच्या उभारणीत ते होते आणि २००२ ते २०१७ या काळात त्याचे संचालकही. २०१८ पासून ते जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक जैविक सायबरनेटिक्स संस्थेचे एक संचालक आहेत.

दायान यांचे मुख्य काम समजण्यासाठी जरा मागे जावे लागते. प्रकाश दिसला की अन्न मिळते, हे प्राण्याला एकदा पक्के कळले आणि मग प्रकाशाच्या जोडीला घंटाही वाजवू लागले, तर घंटेबद्दल तो जवळजवळ काहीच शिकत नाही; या प्रकारचा परिणाम लिऑन कामिन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस दाखवला. घंटा आणि अन्न पुन्हापुन्हा एकत्र येऊनही शिकणे होत नाही, कारण अन्नाचा अंदाज प्रकाशावरून आधीच आलेला असतो. जिथे अंदाज चुकतो तिथेच शिकणे घडते, हे तत्त्व रॉबर्ट रेस्कोर्ला व ॲलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये समीकरणात मांडले. त्या समीकरणात काळाला मात्र जागा नव्हती. ती उणीव संगणकवैज्ञानिक रिचर्ड सटन व अँड्र्यू बार्टो यांच्या पद्धतीने भरून काढली. धावांचा पाठलाग चालू असताना क्रिकेटचा प्रेक्षक निकालाची वाट पाहत बसत नाही. विकेट पडली की तिथल्या तिथे जिंकण्याचा अंदाज बदलतो. ही पद्धत नेमके तेच करते. आता हाती आलेले बक्षीस आणि यापुढे मिळेल असे वाटणारे बक्षीस यांची बेरीज करायची, त्यातून क्षणभरापूर्वीचा अंदाज वजा करायचा आणि उरलेल्या फरकाएवढी दुरुस्ती करायची. दायान यांनी पीएच.डी.च्या काळातच या गणिताच्या पायाचा अभ्यास केला होता. क्रिस वॉटकिन्स यांच्या ‘क्यू-लर्निंग’ या पद्धतीने शिकणारे यंत्र विशिष्ट अटींखाली अखेर सर्वोत्तम निर्णयांपर्यंत पोचते, याची सिद्धता दोघांनी मिळून १९९२ मध्ये प्रसिद्ध केली.

स्वित्झर्लंडमधील फ्रिबुर्ग येथे वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मध्यमेंदूतील डोपामिन पेशींचे स्पंद नोंदवत होते. हालचालींशी या पेशींचा संबंध शोधत असताना त्यांना काही वेगळेच दिसले. फळांच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला, की पेशी जोराने चेतत. रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकले, की त्या दिवा लागताच चेतत आणि रस मिळताना शांत राहत. दिवा लागूनही रस दिला नाही, तर रस यायला हवा होता नेमक्या त्याच वेळी त्यांचे स्पंद नेहमीच्या पातळीच्याही खाली जात. सॉल्क संस्थेत काम करणाऱ्या रीड माँटेग्यू व दायान यांनी या नोंदींमधले साम्य ओळखले : सटन-बार्टो यांच्या गणितातली अंदाजाची चूक जशी आणि जेव्हा बदलते, तशाच या पेशी वागत होत्या. सेजनोव्स्की यांच्यासह त्यांनी १९९६ मध्ये हा सिद्धांत सविस्तर मांडला. शुल्ट्झ, दायान व माँटेग्यू यांचा संयुक्त लेख १९९७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला आणि मेंदूविज्ञानातल्या सर्वाधिक उल्लेखल्या जाणाऱ्या लेखांत त्याची गणना होऊ लागली. यंत्रांसाठी आखलेले गणित प्राण्याच्या एकेका पेशीत इतके स्वच्छ सापडावे, याचे दुसरे उदाहरण मेंदूविज्ञानात क्वचितच मिळेल.

या शोधाने डोपामिनकडे पाहण्याची दृष्टी बदलली. वृत्तपत्रांतून आजही त्याला ‘आनंदाचे रसायन’ म्हटले जाते, ते चुकीचेच आहे : अपेक्षित आनंद मिळताना या पेशींचे स्पंद जवळपास नेहमीच्याच पातळीवर राहतात. व्यसनाचे कोडेही यामुळे नव्याने मांडता आले. कोकेनसारखे पदार्थ डोपामिनचे प्रमाण थेट वाढवतात. त्यामुळे अनुभव कितीही वेळा आला तरी अंदाज पुरा पडत नाही आणि त्या पदार्थाचे मोल वाढतच जाते, अशी ही उपपत्ती आहे.

अंदाजाच्या चुकांवरून होणाऱ्या शिकण्यातून सवय समजते, विचारपूर्वक केलेली निवड समजत नाही. म्हणून नॅथॅनियल डॉ, याएल निव्ह व दायान यांनी २००५ मध्ये सुचवले, की मेंदूत निदान दोन रीती नांदतात. एक, अनुभवातून साठलेल्या मूल्यांवर चटकन चालणारी. दुसरी, जगाचा मनातला नकाशा उलगडून पुढची पावले तपासणारी, संथ व खर्चीक. ज्या रीतीच्या अंदाजात त्या वेळी अनिश्चितता कमी, तिच्या हाती सूत्रे जातात. २०११ मध्ये रे डोलन आदींसह केलेल्या माणसांवरील प्रयोगात दोन्ही रीतींच्या खुणा एकाच वर्तनात मिसळलेल्या आढळल्या. त्या प्रयोगातली दोन टप्प्यांची निवडचाचणी आता मनोविकारांच्या संशोधनातही वापरली जाते. सेरोटोनिन, ॲसेटिलकोलीन व नॉरॲड्रेनलिन यांच्या संगणकीय भूमिकांविषयीही दायान यांनी महत्त्वाचे लेखन केले आहे. लॅरी ॲबट यांच्यासह लिहिलेला त्यांचा ‘थिऑरेटिकल न्यूरोसायन्स’ (२००१) हा ग्रंथ या विषयाचे प्रमाण पाठ्यपुस्तक आहे.

त्यांना रुमेलहार्ट पुरस्कार (२०१२) आणि शुल्ट्झ व डोलन यांच्यासह दहा लाख युरोंचा ब्रेन प्राइझ (२०१७) मिळाला. २०१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

१९९७च्या सिद्धांताची चिकित्सा थांबलेली नाही. सगळ्या डोपामिन पेशी एकच आकडा सांगत नाहीत, काही चांगल्याकडे तर काही वाइटाकडे झुकलेला अंदाज धरतात, असे उंदरांवरील नोंदींवरून २०२० मध्ये मांडले गेले. ही त्याच सिद्धांताची वाढ होय. २०२२ मध्ये मात्र कॅलिफोर्नियातील एका गटाने मुळालाच हात घातला : प्राणी कारणावरून परिणामाचा अंदाज बांधत नाही, तर परिणाम मिळाल्यावर मागे वळून कारण शोधतो आणि डोपामिन त्या शोधाला साहाय्य करते, असे त्यांचे म्हणणे आहे. दोन्ही बाजू आपापले दावे उंदरांवरील प्रयोगांतून तपासत आहेत.