मेणबत्तीचा उजेड: लिस्बनमधला एक दिवस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही टाकतोय.

गेल्या वर्षी मी आणि सायली, म्हणजे माझी बायको, चार दिवस लिस्बनला गेलो होतो. यादी नाही, एक्सेल शीट नाही. चालायचं, भूक लागली की खायचं, पाय दुखले की बसायचं, एवढंच ठरलं होतं. सायलीची एकच अट होती, "प्रत्येक भिंतीपुढे उभा राहून लेक्चर देऊ नकोस." मी हो म्हटलं आणि साधारण दोन तास ती अट पाळली.

सकाळी आम्ही बायशा भागात नाश्ता केला. बायशा म्हणजे लिस्बनचा खालचा, सपाट भाग, तेजो नदीच्या काठाला लागून. पास्तेल द नाता नावाचा छोटासा गोल पदार्थ असतो. खारीसारखे कुरकुरीत पापुद्रे, आत अंड्याच्या पिवळ्या बलकाचं कस्टर्ड, वरून दालचिनी. सोबत 'बिका', म्हणजे कडक कॉफीचा एवढासा कप. मेनूकार्डवर 'बटाटा' होता, अगदी आपल्या उच्चाराचा. 'पाव'सुद्धा होता. सायली म्हणाली, "अरे, वडापावमधला वडा तेवढा आपला, बाकी सगळं यांचं!" बरोबरच आहे. हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबरच आले.

खाता खाता तिनं रस्त्याकडे बोट केलं. "हे बाकीच्या गावासारखं का नाही? इथे सगळं पट्टीनं आखल्यासारखं आहे." आता अट कोणी मोडली? मी तर नाही!

तर त्याचं असं झालं. १ नोव्हेंबर १७५५. ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या पुढे चर्च माणसांनी भरलेली, सगळीकडे मेणबत्त्या पेटलेल्या. त्याच वेळी प्रचंड भूकंप झाला. लोक जीव वाचवायला नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे पळाले, आणि थोड्या वेळानं तिकडून समुद्राच्या लाटा आत आल्या. उरलेल्या शहरात मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आग लावली, ती कित्येक दिवस जळत राहिली. हजारो माणसं गेली. राजा जुझे पहिला इतका घाबरला की पुढे त्याला दगडी छताखाली राहवेना. आजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी लाकडी राजवाडा उभारला, त्याला लोक 'शाही बराक'च म्हणायचे.

राजा तंबूत गेला आणि कारभार एका मंत्र्यानं हातात घेतला. त्याचं नाव सेबास्तियांव जुझे द कार्व्हाल्यु, इतिहासात तो पोम्बालचा मार्क्विस म्हणून ओळखला जातो. त्यानं केलेली एक गोष्ट माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला फार जवळची वाटते. त्यानं गावोगावच्या पाद्रींकडे प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला? त्यानंतर किती धक्के बसले? किती माणसं गेली? समुद्र आधी वर आला की आधी मागे गेला? जमिनीला भेगा पडल्या का? त्या उत्तरांचे कागद आजही पोर्तुगालच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. भूकंपशास्त्राच्या सुरुवातीची गोष्ट सांगताना या प्रश्नावलीचा उल्लेख येतोच.

आमच्या क्षेत्रात याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. रात्री दोनला सर्व्हर पडतो, तुम्ही डोळे चोळत तो उभा करता, आणि दुसऱ्या दिवशी एक डॉक्युमेंट लिहिता. काय झालं, कधी झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. त्यात 'कोणी केलं' यापेक्षा 'का झालं' महत्त्वाचं. १७५५ मध्ये बहुतेक लोक हा देवाचा कोप आहे म्हणत होते, आणि हा माणूस विचारत होता, पाणी आधी मागे गेलं की पुढे आलं?

उत्तरं नुसती फायलीत राहिली नाहीत. मानुएल द माया नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या लष्करी अभियंत्यानं पुनर्बांधणीचे वेगवेगळे पर्याय लिहून दिले. रुंद, सरळ रस्ते आखले गेले. घरांच्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडा बसवला. त्याला 'गायोला' म्हणतात, म्हणजे पिंजरा. जमीन हलली तर लाकूड थोडं वाकेल, पण घर कोसळणार नाही, ही कल्पना. सांगतात की त्याचं मॉडेल चौकात उभारून आजूबाजूला सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि ते टिकतं का ते पाहिलं. थोडक्यात, लोड टेस्टिंग!

एवढं सांगून मी गप्प बसलो. खरंच. दुपारी सार्डिन मासे खाल्ले, काटे काढता काढता तास गेला. मग आल्फामाच्या चढउतारांच्या गल्ल्यांतून हिंडलो. भूकंपातून बऱ्यापैकी वाचलेला हा जुना भाग. संध्याकाळी रोसिओ चौकात आलो. काळ्यापांढऱ्या दगडांची लाटांसारखी फरशी, कारंजी, टोकाला मोठं राष्ट्रीय नाट्यगृह. त्याच्या बाजूलाच सांव दोमिंगोसचं छोटं मैदान आहे. तिथे एका खिडकीएवढ्या दुकानात १८४० पासून 'जिंजिन्या' विकतात, म्हणजे आंबट चेरीची गोडसर दारू, इवल्याशा पेल्यात. दुकानदार एवढंच विचारतो, चेरी घालून की चेरीशिवाय? आम्ही चेरी घालून घेतली आणि बाहेर उभे राहिलो. आजूबाजूला हसणारी, फोटो काढणारी माणसं. सायली पेला ठेवायला जागा शोधत होती, तेव्हा तिला एक दगड दिसला. अर्धगोलासारखा, त्यावर ज्यूंचा सहा टोकांचा तारा. तिनं खालचा मजकूर वाचला आणि पेला हातातच ठेवला.

ही गोष्ट भूकंपाच्या अडीचशे वर्षं आधीची आहे. १४९७ मध्ये राजा मानुएलनं पोर्तुगालमधल्या ज्यूंना जबरदस्तीनं ख्रिस्ती केलं होतं. त्यांना 'नवख्रिस्ती' म्हणायचे. धर्म बदलला तरी संशय गेला नाही. १५०६ मध्ये लिस्बनमध्ये दुष्काळ होता आणि प्लेगची साथ होती. राजा शहराबाहेर निघून गेला होता. १९ एप्रिलला, रविवारी, याच मैदानासमोरच्या सांव दोमिंगोस चर्चमध्ये लोक प्रार्थनेला जमले. कुणाला तरी क्रूसावर प्रकाश दिसला. चमत्कार! चमत्कार! गर्दीत एक नवख्रिस्ती माणूस होता. तो म्हणाला की हा चमत्कार नसावा, मेणबत्तीचा उजेड पडला असेल.

बस, एवढंच म्हणाला. त्याला ओढत बाहेर आणलं आणि मारलं. मग चर्चमधले काही साधू क्रूस हातात घेऊन लोकांना चिथवत रस्त्यावर उतरले. बंदरातल्या परदेशी जहाजांवरचे खलाशीही सामील झाले. तीन दिवस कत्तल चालली. मेलेल्यांची संख्या दोन ते चार हजार असावी असे अंदाज आहेत.

सायलीनं विचारलं, "मग राजानं काय केलं? काहीच नाही?" केलं ना. चिथावणाऱ्या दोन साधूंना मृत्युदंड दिला, कितीतरी जणांना फासावर चढवलं, लिस्बन शहराचे काही विशेषाधिकार काढून घेतले. म्हणजे 'कोणी केलं' याचं उत्तर मिळालं. पण 'का झालं' हे कोणी विचारलं नाही. नवख्रिस्ती आणि जुने ख्रिस्ती हा भेद तसाच राहिला. आणि तीसच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. जे काम जमावानं तीन दिवस केलं तेच आता सरकारी शिक्क्यानं, फायली ठेवून, पावणेतीनशे वर्षं चालणार होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग दुरुस्त झाला नाही, त्याचं फीचर झालं. ते सुंदर नाट्यगृह आहे ना, तिथेच पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता.

आणि ही गोष्ट आपल्या दारापर्यंत येते. गार्सिया द ओर्ता हे नाव ऐकलंय? कास्तेलो द व्हिद या गावचा डॉक्टर, नवख्रिस्ती घरातला. १५३४ मध्ये तो जहाजानं भारतात आला आणि गोव्यात स्थायिक झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्यानं उपचार केले. मुंबईचं बेट त्याला खंडानं मिळालं होतं. फोर्टमध्ये टाउन हॉलच्या मागे, जिथे आता नौदल आहे, त्या भागात त्याचं घर होतं. १५६३ मध्ये गोव्यात त्याचं पुस्तक छापलं गेलं, भारतातल्या औषधी वनस्पतींवर, संवादाच्या रूपात. एक जण प्रश्न विचारतो, दुसरा उत्तरं देतो. जुन्या ग्रीक वैद्यांनी लिहिलंय म्हणून खरं, हे त्याला मान्य नव्हतं. स्वतः पाहिलं, स्थानिक वैद्यांना विचारलं, मग लिहिलं. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं कबरीतून काढून तीही जाळली. बारा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची हाडं!

आता पुन्हा पोम्बालकडे येऊ, कारण इथे गोष्ट सरळ राहत नाही. भूकंपाला प्रश्न विचारणाऱ्या याच माणसाच्या काळात, १७७३ मध्ये, नवख्रिस्ती आणि जुने ख्रिस्ती हा भेद कायद्यानं रद्द झाला. १५०६ च्या मुळाशी जे होतं त्याला हात लागायला २६७ वर्षं लागली. टाळ्या वाजवाव्यात का? थांबा. भूकंप हा देवाचा कोप आहे असं सांगणारा मालाग्रिडा नावाचा एक म्हातारा जेझुइट पाद्री होता. त्यानं तसं पत्रकही काढलं होतं. पोम्बालला तो नकोसा झाला. १७६१ मध्ये त्याच इन्क्विझिशनकडून शिक्षा देववून त्याला याच रोसिओत मारलं गेलं. म्हणजे प्रश्न विचारायचं स्वातंत्र्य पोम्बालला स्वतःसाठी हवं होतं. दुसऱ्यानं चुकीचं उत्तर दिलं तर त्याच्यासाठी जुनं यंत्र होतंच.

रात्री जेवायला एका साध्या खाणावळीत गेलो. मेनूवर 'आल्येइरा' होतं. सॉसेजच, पण पारंपरिक कथा अशी सांगतात की नवख्रिस्ती घरांत डुकराचं मांस खायचे नाहीत आणि शेजाऱ्यांना ते कळू नये म्हणून कोंबडी, पाव आणि लसूण भरून हे सॉसेज चुलीवर टांगून ठेवायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळं ठीक आहे. आता त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांसही असतं. तळलेलं, सोबत अंडं आणि बटाट्याचे काप. चवीला झकास होतं. आणि घास जरा अडकलाही.

सायली जेवता जेवता सहज म्हणाली, "तो मेणबत्ती म्हणणारा माणूस... तू तिथे असतास तर बोलला असतास?"

मी म्हटलं, "हो, म्हणजे..." आणि गप्प झालो. तिला माहीत होतं मी का गप्प झालो ते. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावाकडे काविळीची साथ आली होती. आमच्या घराण्याच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता की अमुक वस्तीतल्या लोकांनी मुद्दाम टाकीत काहीतरी टाकलं. नळाची लाइन गटाराशेजारी फुटली होती, हे मला माझ्या भावाकडून कळलं होतं. त्यानं फोटो पाठवला होता. मी ग्रुपवर टाइप केलं, "लाइन फुटलीये." मग खोडलं. कशाला वाद, काका चिडतील, आई म्हणेल तुला काय गरज होती. मला कोणी रस्त्यावर ओढणार नव्हतं. फार तर दोन रागावलेले इमोजी आले असते. तरी मी बोललो नाही.

नशिबानं पुढे काही वाईट घडलं नाही. पण ते नशीबच होतं, त्यात माझा वाटा शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सांव दोमिंगोस चर्चच्या आत गेलो. १९५९ मध्ये तिथे मोठी आग लागली होती. नंतर छत नवं केलं, पण जळलेले, तडकलेले खांब तसेच ठेवलेत. आत मेणबत्त्या होत्या, शांत जळत होत्या. बाहेरचा तो दगड मात्र २००८ मध्ये बसवलाय, कत्तलीनंतर ५०२ वर्षांनी. त्याच्या आधी १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मारिओ सोआरेश यांनी ज्यूंची माफी मागितली होती. कुठे? कास्तेलो द व्हिदमध्ये. ओर्ताच्या गावी.

परत आल्यावर महिन्याभरात ग्रुपवर असाच एक मेसेज आला, दुसऱ्या कुणाबद्दल तरी. मी लिहिलं, "काका, हे कुठून आलं? कुणी पाहिलंय का?" एवढंच. काकांनी उत्तर दिलं नाही, दिवाळीतही जरा तुटकच बोलले. पण एका चुलत बहिणीनं मला वेगळा मेसेज केला, "मलाही हेच विचारायचं होतं."

तर मंडळी, लिस्बनला गेलात तर नाता खा, आल्येइरा खा, जिंजिन्या प्या. फक्त पेला त्या दगडावर ठेवू नका. पुढच्या भागात भेटू, तोवर प्रश्न विचारत राहा. कमेंटमध्येही चालतील.