मुंबईच्या हॉटेलांत आम्ही कधी शिरलो?

मुंबईच्या खाद्यसंस्कृतीवर रविवारच्या पुरवण्यांत भरभरून लिहिले जाते. इराण्याचा ब्रून मस्का, माटुंग्याची इडली, गिरगावातली थाळी, लालबागची खानावळ. लिहिणारे आठवणींनी हळवे होतात आणि ‘या शहराने कधी कुणाची जात विचारली नाही’ असे वाक्य हमखास टाकतात. आम्हाला हे वाक्य दर वेळी खटकते. जात विचारली नाही, तर मग गिरणीत अस्पृश्य कामगारांच्या पाण्याचे माठ वेगळे का होते? आणि माठ वेगळा असलेला कामगार सुट्टी झाल्यावर कोपऱ्यावरच्या कोणत्या टेबलावर बसत होता?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम आज मांडतो आहोत. आपल्याच चळवळीतली काही ज्येष्ठ मंडळी तरुणांना टोमणे मारतात, की पगार झाला की पोरे हॉटेलात पळतात, पैसे उडवतात. मित्रहो, आपल्या वस्तीजवळच्या साध्या हॉटेलात बसून, पोटभर, चवीने, मान ताठ ठेवून जेवणे ही उधळपट्टी नाही. त्यामागे शंभर वर्षांचा लढा आहे, आणि तो अजून अर्धाच जिंकलेला आहे.

सुरुवात गिरणगावापासून करू. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार बायकापोरे गावी ठेवून यायचा. तो महिन्याच्या हिशोबाने खानावळीत जेवायचा. ही खानावळ म्हणजे बहुधा चाळीतली एक खोली आणि तिथे राबणारी एक बाई. पण कोण कोणाच्या खानावळीत जेवणार हे गाव आणि जात ठरवत होते. मराठा कामगार आपल्या गाववाल्या बाईकडे, महार कामगार आपल्या बाईकडे. शहर एक, गिरणी एक, भोंगा एक, पण पंगत वेगळी. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून या खानावळवाल्या बायकांना संघटित केले, तेव्हा कुठे त्यांच्या श्रमाला नाव मिळाले. त्याआधी गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्यांना संप दिसत होते, चुली दिसत नव्हत्या.

गिरणीच्या आतही तेच. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नाही. कारण काय, तर धोट्यातून धाग्याचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे रेटला होता. धोट्याच्या जागी चहाचा कप ठेवून पाहा. उष्ट्याचा हाच विटाळ हॉटेलच्या टेबलावरही बसलेला होता.

आता इराणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणमधून आलेल्या झरतुष्ट्री आणि मुसलमान स्थलांतरितांनी ही हॉटेले काढली. कयानी 1904 ची, ग्रँट रोडचे मेरवान 1914 चे, ब्रिटानिया 1923 चे. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना मिळाली असे सांगतात. म्हणजे वास्तूच्या अंधश्रद्धेने एक बरे काम केले म्हणायचे! संगमरवरी टेबल, लाकडी वाकवलेल्या खुर्च्या, कपबशी, आणि गल्ल्यावर बसलेला मालक. त्याला पैशाशी मतलब. तो जातिव्यवस्थेच्या शिडीवर कुठल्याच पायरीवर उभा नव्हता, म्हणून त्याच्या हातच्या चहाने कुणाला चढवायचे किंवा उतरवायचे असा हिशोब त्याच्याकडे नव्हता. कर्मठ हिंदू त्याच्याकडे जात नसे, ते वेगळे. अनोळखीपणा आणि रोख पैसा ही शहराची जी दोन हत्यारे आपल्या माणसांच्या हाती आली, त्यांचा उपयोग इराण्याच्या टेबलावर होऊ शकत होता.

पण म्हणून इराणी-पारशी मंडळी समतेची पुजारी होती असे कुणी समजू नये. 1917 साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना, तेव्हा एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहिले. तिथे त्यांना खोली मिळाली, चहा मिळाला, रात्रीचे जेवण मिळाले, पण सगळे दुसऱ्याच्या नावावर. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, असे दोन मित्र होते, त्यांनीही घरी ठेवून घेतले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत हे सारे आले आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला अन्न मिळत होते, फक्त स्वतःच्या नावाने मिळत नव्हते. मुंबईत नाव दडवून, आडनाव बदलून हॉटेलात बसलेल्या आपल्या कित्येक माणसांची गोष्ट याहून वेगळी नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. त्याच ठरावाच्या बळावर महाडचा सत्याग्रह उभा राहिला. पण हा ठराव सार्वजनिक पैशांतून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांपुरता होता. हॉटेल त्यात बसत नव्हते. हॉटेल खाजगी मालकीचे; मालक म्हणणार, माझे दुकान, माझी मर्जी. तळ्याचे पाणी सगळ्यांचे, पण चहाचे पाणी मालकाचे!

या सबबीचे उत्तर बाबासाहेबांनी अमेरिकेच्या कायद्यात शोधले. गुलामगिरी संपल्यावर 1866 आणि 1875 साली तिथे नागरी हक्कांचे कायदे झाले होते. 1875 च्या कायद्यात खाणावळीसह मुक्कामाच्या जागा, प्रवासाची वाहने, नाट्यगृहे सर्वांना खुली केली होती. 1883 साली तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने, खाजगी माणसाने केलेल्या भेदभावाला हात घालण्याचा अधिकार संसदेला नाही, असे म्हणून तो कायदा रद्द केला. आपल्या जन्मभूमीत मेलेला हा कायदा बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत आपल्या मागण्यांत जिवंत केला, आणि 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये पुन्हा मांडला. अशा जागांचा उपभोग कुणी नाकारला तर पाच वर्षांपर्यंत कैद, अशी त्यांची मागणी होती. बडोद्याच्या धर्मशाळेतून हाकलला गेलेला माणूस या यादीत मुक्कामाच्या जागा का विसरत नाही, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

पुढे संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले असे स्पष्ट शब्द आले. नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत चर्चा चालू असताना, दुकान म्हणजे नेमके काय, त्यात न्हाव्याचे आणि धोब्याचे दुकान येते का, असे विचारले गेले. बाबासाहेबांचे उत्तर फार मोलाचे आहे. त्यांनी सांगितले, की जो कुणी येणाऱ्याला सेवा द्यायला तयार आहे, त्याची जागा ती दुकान. आणि हा हक्क केवळ आत पाऊल टाकण्याचा नाही, तर अटी मान्य असतील तर सेवा मिळवण्याचा आहे. खाजगी मालकीच्या सबबीवर यापेक्षा नेमका घाव आम्ही वाचलेला नाही. दार रस्त्याकडे उघडलेस ना? मग कुणाला वाढायचे ते तू जातीवरून ठरवू शकत नाहीस. अमेरिकेत काळ्या विद्यार्थ्यांना ग्रीन्सबरोच्या उपाहारगृहात 1960 साली ठाण मांडावे लागले आणि तिथला कायदा 1964 साली आला. आपल्याकडे कागदावर हा हक्क 1950 लाच होता.

कागदावर, असे आम्ही म्हणतो, कारण त्याची अंमलबजावणी करणारा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा 1955 साली आला. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलातल्या प्रवेशासोबत तिथल्या भांड्यांच्या वापराचाही उल्लेख आहे. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, की दार उघडून देतील आणि कप वेगळा देतील. आपल्या आजोबांना गावच्या हॉटेलात बाहेरच्या खुंटीवरचा कप घेऊन, तो स्वतः विसळून परत ठेवावा लागे. बाबासाहेबांनी पाच वर्षे मागितली होती. कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड दिला. 1976 साली नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, किमान शिक्षा आली, पण दंडाची वरची मर्यादा पाचशेवरच राहिली. आज पाचशे रुपयांत चौघांचे जेवणही होत नाही.

दार झाले, कप झाला. चुलीचे काय?

उडुपी हॉटेलांचे कौतुक होते, की तिथे सगळे एकत्र बसून खातात. खातात, खरे आहे. आम्हीही खातो, माटुंग्याच्या इडलीशी आमचे काही वैर नाही. पण या हॉटेलांची सुरुवात ज्या विश्वासावर झाली तो पाहा: स्वयंपाकी ब्राह्मण, म्हणून त्याच्या हातचे सर्व जातींना चालते. म्हणजे इराण्याकडे सगळे बसू शकले कारण मालक जातीच्या बाहेरचा होता; उडुप्याकडे सगळे बसू शकले कारण आचारी जातीच्या शिखरावरचा होता. टेबल सारखे दिसते, पाया उलटा आहे. शिवसेनेने 1966 नंतर उडुपी हॉटेलांवर मोर्चे नेले ते भाषेच्या नावाने. आत चूल कुणाच्या हाती असते, हे विचारायला कुणी गेले नाही. मद्रासमध्ये मात्र पेरियारांच्या द्रविड कळघमने 1957 साली एका हॉटेलच्या पाटीवरचा ‘ब्राह्मण’ हा शब्द काढण्यासाठी निदर्शने धरली होती.

आपल्याकडे हा प्रश्न त्याहून आधी छत्रपती शाहू महाराजांनी उलट्या बाजूने सोडवला होता. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले. ‘सत्यसुधारक’ हे त्याचे नाव. महाराज तिथे थांबून चहा घेत आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही घ्यायला लावत. या गोष्टीत गंगारामांना कुणाच्या हॉटेलात बसू देण्याचा मुद्दाच नाही. त्यांच्या हातचा कप सरदाराच्या ओठाला लागला, हा मुद्दा आहे. आज मुंबईत किती हॉटेलांच्या गल्ल्यावर, पाटीवर आपले नाव आहे? आचारी, वाढपी, भांडी घासणारा आपला असेल. ‘कांबळे भोजनालय’ अशी पाटी किती जणांनी पाहिली? डिसेंबर 2021 मध्ये उत्तराखंडच्या एका शाळेत दलित भोजनमातेने शिजवलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. मुले हॉटेलांत शिकलेली नव्हती, घरात शिकली होती.

आणि पदार्थांचे? शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून महार-मांगांच्या चुलीवरचे अन्न पहिल्यांदा इतक्या तपशिलाने मराठीत आणले. चान्या, रक्ती, वजडी. त्याच 2015 साली राज्यात बैल कापण्यावर बंदी आली आणि गरिबाच्या परवडणाऱ्या ताटातून एक मांस कायद्यानेच उचलले गेले. शहराच्या ‘मराठमोळ्या’ हॉटेलांत पुरणपोळी मिळते, कोंबडी-वडे मिळतात. आपल्या आजीचे कालवण मिळत नाही. मार्च 2024 मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी हिरव्या गणवेशाची वेगळी माणसे जाहीर केली. टीका होताच दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला. तो दिवस होता 20 मार्च, महाडच्या सत्याग्रहाचा. त्यांना हे ठाऊक असेल असे वाटत नाही.

वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी आता पाडल्या जात आहेत. तिथल्या आपल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा आणि विचारा: आजोबा, तुम्ही चहाला कुठे जायचा? कोणत्या हॉटेलात जात नव्हता? आजी, तुमच्या हातचे बाहेरचे कोण जेवायचे? नावे, गल्ल्या, साल लिहून घ्या. रविवारच्या पुरवण्यांत हे छापून आलेले नाही.