कालसमक्रमण, संगणक जालांतील

जालाने जोडलेल्या संगणकांची घड्याळे प्रमाण वेळेशी जुळती ठेवण्याच्या क्रियेस कालसमक्रमण म्हणतात. संगणकातील घड्याळ क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. तापमान व स्फटिकाचे वय यांनुसार कंप्रता बदलत असल्याने दिवसाकाठी एखाद्या सेकंदाची चूक सहज होते. व्यवहारांच्या नोंदींचा क्रम आणि सुरक्षा-प्रमाणपत्रांची मुदत घड्याळावरून ठरते. म्हणून चूक लहान असली, तरी तिचे परिणाम लहान नसतात.

डेव्हिड एल्. मिल्स (१९३८–२०२४) या अमेरिकन शास्त्रज्ञांनी या क्षेत्राचा पाया घातला. त्यांनी १९८१ मध्ये जालावरील घड्याळ-सेवेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातूनच १९८५ मध्ये नेटवर्क टाइम प्रोटोकॉल (एन्‌टीपी) ही संकेतपद्धती साकार झाली. तिची चौथी आवृत्ती २०१० मध्ये प्रमाणित झाली. या पद्धतीत विचारणारा संगणक व वेळ पुरविणारा संगणक हे संदेश निघण्याच्या व पोहोचण्याच्या चार वेळा नोंदवितात व त्यांवरून घड्याळांतील अंतर काढले जाते. जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागतो, असे येथे गृहीत धरलेले असते. जाताना १०० व येताना २० मिलिसेकंद लागल्यास ४० मिलिसेकंदांची चूक राहते आणि ती केवळ या संदेशांवरून ओळखता येत नाही.

लिनक्स या प्रचालन प्रणालीवरील संगणकात वेळ अनपेक्षित रीतीने वागू लागल्यास चुकीच्या स्वरूपावरून तिचे मूळ शोधता येते. भारतातील संगणकात बरोबर ५ तास ३० मिनिटांचा फरक पडत असेल, तर दोष बहुधा जालाचा नसतो. संगणक बंद असतानाही चालणाऱ्या घटचलित घड्याळातील वेळ एक प्रणाली स्थानिक, तर दुसरी जागतिक मानते, यामुळे तो उद्‌भवतो. फरक अतिशय सावकाश कमी होत असल्यास तोही नेहमी बिघाड नसतो. मिल्स यांच्या मूळ आज्ञावलीत १२८ मिलिसेकंदांपेक्षा कमी चूक घड्याळाचा वेग किंचित बदलून सुधारली जाते व हा बदल दहा लाखांत ५०० भागांहून अधिक होऊ दिला जात नाही. या वेगाने १०० मिलिसेकंदांची चूक भरून निघण्यास निदान २०० सेकंद लागतात. एरवी १,००० सेकंदांहून मोठी चूक आढळल्यास आज्ञावली ती न सुधारता थांबते. अशा वेळी थांबलेली आज्ञावली हा दोष नसून दक्षता असते.

या निदानपद्धतीची कसोटी ३० जून २०१२ रोजी लागली. पृथ्वीचे परिवलन व आणवीय घड्याळे यांचा मेळ राखण्यासाठी १९७२ पासून अधूनमधून एक लीप सेकंद वाढविण्यात येतो. २०१६ अखेर असे २७ सेकंद वाढविले गेले. त्या दिवशी, भारतात १ जुलैच्या पहाटे साडेपाचच्या सुमारास, असाच सेकंद आला. लिनक्सच्या गाभ्याने मुख्य घड्याळ एक सेकंद मागे घेतले; पण सूक्ष्म कालावधी मोजणाऱ्या त्याच्याच अंतर्गत यंत्रणेला याची वर्दी दिली गेली नाही. ती यंत्रणा एक सेकंद पुढे राहिल्याने एका सेकंदाहून लहान प्रतीक्षा तत्क्षणी संपू लागल्या व आज्ञावल्या अविरत फिरत राहिल्या. रेडिट व मोझिला यांच्या सेवा विस्कळीत झाल्या, तसेच ऑस्ट्रेलियातील क्वांटास कंपनीच्या उड्डाणांना विलंब झाला. पडद्यावरील वेळ अचूकच दिसत असल्याने कारण शोधणे कठीण गेले. घड्याळाला तीच वेळ पुन्हा एकदा लावणे, हा तात्पुरता उपाय मात्र पुरेसा ठरला. कारण त्यामुळे दोन्ही यंत्रणा पुन्हा जुळत.

यानंतर गाभ्यातील दोष दुरुस्त करण्यात आला. वाढीव सेकंद अनेक तासांत थोडाथोडा वाटून देण्याची गूगलने आधीच अवलंबिलेली पद्धतही इतरत्र रूढ झाली. मात्र अशी वाटलेली वेळ व नेहमीची वेळ देणारे स्रोत एकत्र वापरल्यास नवाच विसंवाद निर्माण होतो. वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेने २०२२ मध्ये, जागतिक वेळ व पृथ्वीचे परिवलन यांतील अनुज्ञेय फरकाची मर्यादा २०३५ पर्यंत वाढविण्याचा ठराव केला. त्यामुळे लीप सेकंदांची गरज उरणार नसली, तरी १९०० पासून सेकंद मोजणारा एन्‌टीपीचा ३२ अंकांचा द्विमान गणक ७ फेब्रुवारी २०३६ रोजी पुन्हा शून्यावर येईल.