मुसाफिराचा पैसा

स्टेशन रोडवरच्या एखाद्या मध्यम हॉटेलात दोन हजारांची खोली घेतली, की निघताना काउंटरवर मिळणाऱ्या बिलात भाड्याखाली दोन ओळी असतात : सीजीएसटी ५० रुपये, एसजीएसटी ५० रुपये. पहिली रक्कम केंद्राची, दुसरी राज्याची. ज्या शहराचे पाणी पाहुण्याने वापरले, ज्याच्या घंटागाडीने त्याचा कचरा उचलला, त्या छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेची ओळ त्यात नाही. ती का नाही, हे शोधायला बरेच मागे जावे लागते.

शहरातल्या पाणचक्कीपाशी गेले तर मुसाफिर हा शब्दच जागेच्या नावात भेटतो. बाबा शाह मुसाफिर हे बुखारा भागातून आलेले सूफी. त्यांच्या दर्ग्याला लागून अठराव्या शतकात ही चक्की बसली. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणून उंचावरून सोडायचे. त्याच्या जोरावर खालचे पाते फिरायचे आणि वरच्या जात्यावर फकीर, विद्यार्थी, वाटसरू यांच्यासाठी दळण पडायचे. खर्च तुर्कताज खानासारख्या सरदारांच्या देणगीतून. येणाऱ्याने काही द्यायचे नाही.

ही रीत या मुलखात फार जुनी. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, दानाचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यांतला उषवदात नावाच्या दात्याचा लेख तर हिशेबाच्या वहीसारखा चोख आहे : ३,००० कार्षापण नाणी विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून दिली, मुद्दलाला हात लावायचा नाही, लेण्यातल्या भिक्षूंचा खर्च व्याजातून. त्यानेच भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे उतारूंसाठी निवारे बांधले. मला यातली महत्त्वाची गोष्ट दातृत्वाहून वेगळी वाटते. पैसा जिथे खर्च व्हायचा त्याच्या जवळच ठेवलेला होता, आणि तो कशासाठी आहे हे दगडावर कोरलेले होते.

निझामाच्या राज्यात खर्च दरबाराकडे गेला. १९०० साली मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली, पुढे निझाम स्टेट रेल्वेने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, स्वतःचे हॉटेल चालवले. १९२० नंतर अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून तज्ज्ञ आले. पाहुण्यासाठी तिजोरी सरकारची, निर्णयही सरकारचा.

हॉटेलच्या खाटेवरचा कर मात्र अगदी अलीकडचा, आणि त्याचे साल ठळक आहे : १९८७. अजिंठा-वेरूळ १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले होते; हॉटेलांचा धंदा वाढत होता. त्या एकाच वर्षी केंद्राने खर्चकर आणला, दिवसाला ४०० रुपये किंवा अधिक भाडे असणाऱ्या हॉटेलांतल्या खर्चावर १० टक्के. आणि महाराष्ट्राने हॉटेल-लॉजवरच्या ऐषारामाचा कायदा केला. हॉटेलवाले त्याला शेवटपर्यंत लक्झरी टॅक्सच म्हणत. अखेरच्या काळात त्याचे ४ आणि १० टक्के असे टप्पे होते. पर्यटन धोरणांत नव्या हॉटेलांना या करातून सूट मिळे, म्हणजे तो पर्यटन वाढवण्याचे हत्यारही होता. पण हत्यार मुंबईच्या हातात.

शहराला तेव्हा वाट नव्हती असे नाही. महापालिका झाली १९८२ मध्ये, आणि महापालिका अधिनियमाच्या कलम १२७ मध्ये, राज्य विधिमंडळाला बसवता येणारा दुसरा कोणताही कर पालिकेला बसवता येईल, असे पोटकलम आहे. पण भिस्त राहिली जकातीवर, मग एलबीटीवर, म्हणजे स्थानिक संस्था करावर. २०१६ च्या १०१व्या घटनादुरुस्तीने ती वाट बुजली. राज्यसूचीतली नोंद ६२ बदलली. ऐषारामावरचा कर गेला, स्थानिक संस्थांपुरता फक्त करमणुकीवरचा कर उरला. राज्यालाच जो अधिकार नाही, तो पालिकेला कुठून मिळणार? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा दोन हजारांच्या खोलीवर १२ टक्के लागत. सप्टेंबर २०२५ पासून ५. हे दर ठरताना शहराला कोणी विचारत नाही.

माथेरानची गोष्ट वेगळी. तिथे दस्तुरी नाक्यावर प्रवासी कर भरूनच माणूस आत जातो आणि तो नगरपरिषदेच्या तिजोरीत पडतो. वाटा मोजक्याच असल्याने नाका जमतो. आमच्याकडे जालना रोड, रेल्वे, विमानतळ, पुण्या-धुळ्याकडचे रस्ते. इथे प्रवासी ओळखण्याची एकच खात्रीची जागा, ती म्हणजे हॉटेलची खोली. फ्रान्सने हे १९१० मध्ये ओळखले. तिथे गावे मुक्कामामागे छोटा कर घेतात आणि तो पर्यटनाच्याच कामी लावण्याचे बंधन आहे.

असे बंधन नसले की काय होते, ते अजिंठ्याजवळच्या फर्दापूरला दिसते. खासगी गाडी टी-पॉइंटला लावायची, सुविधा शुल्क द्यायचे, एसटीच्या बसने लेण्यांकडे जायचे. लेण्यांचे ४० रुपयांचे तिकीट पुरातत्त्व खात्याकडे जाते. अजिंठा आणि वेरूळला जपानी कर्जाच्या प्रकल्पातून मोठी अभ्यागत केंद्रे उभी राहिली. पुढे वीज-पाण्याची बिले थकली आणि केंद्रे बंद पडली. बांधायला परदेशी कर्ज मिळाले, दरमहा दिवा लावायला कोणाचाच ठरलेला पैसा नव्हता. पर्यटनाची राजधानी म्हणवणाऱ्या जिल्ह्यात हे घडावे याचे फार वाईट वाटते.

उपाय जीएसटीच्या आतच आहे. जकात आणि एलबीटी बुडाल्याबद्दल स्थानिक संस्थांना भरपाई देणारा कायदा महाराष्ट्राने २०१७ मध्येच केला. पायाभूत रकमेत दरवर्षी ८ टक्के वाढ धरून राज्य ती देते. लक्झरी टॅक्स कधी पालिकेचा नव्हताच, म्हणून तो त्या हिशेबात आला नाही. दोन हजारांच्या खोलीमागे राज्याला मिळणाऱ्या ५० रुपयांतले १०, ज्या शहरात ती खोली आहे तिथे परत पाठवायला घटनादुरुस्ती लागत नाही. राज्याच्या अर्थसंकल्पात तरतूद लागते, आणि ते पैसे फक्त पाहुण्यांच्या सोयीवर खर्च होतील अशी अट.