नावातच मेंटेनन्स

शहागडला रेल्वे नाही. गोदावरीच्या काठावरचं, अंबड तालुक्यातलं हे गाव सोलापूर-धुळे हायवेवर आहे, त्यामुळे एसटीची सोय आहे. पण रेल्वेने मुंबईला जायचं तर जालना गाठायचं. जालना स्टेशन दक्षिण मध्य रेल्वेत येतं आणि तिचं मुख्यालय सिकंदराबादला. तिकीट खिडकीवर झटकन निघतं, पण त्यामागची मशिनं कोणती आणि ती इतकी वर्षं चालली कशी, ही गोष्ट मजेशीर आहे.

सुरुवात १९७८ मध्ये. परकीय भांडवल ४० टक्क्यांवर आणा असं सरकार म्हणालं, आयबीएमला ते पटलं नाही आणि कंपनी देश सोडून गेली. मागे राहिली तिची जुनी मशिनं. १४०१ सारखी कित्येक तर परदेशात वापरून झालेली आणि इथे डागडुजी करून भाड्याने दिलेली! ती सांभाळायचं काम आलं सीएमसी या सरकारी कंपनीकडे. पूर्ण नाव काय, तर कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. नावातच मेंटेनन्स.

आता गंमत बघा. याच सीएमसीने १९८५-८६ मध्ये दिल्लीत रेल्वे आरक्षणाची 'इम्प्रेस' सिस्टिम उभी केली. तोवर आरक्षण म्हणजे जाडजूड रजिस्टरं, अमुक गाडीची अमुक खिडकी, चुकीच्या रांगेत उभं राहिलात की गेला दिवस. आता कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. खाली मशीन होतं डेक कंपनीचं व्हॅक्स, ऑपरेटिंग सिस्टिम व्हीएमएस. पुढे रेल्वेच्या 'क्रिस' संस्थेने 'कॉन्सर्ट' लिहिली. ती १९९४ मध्ये आधी सिकंदराबादला सुरू झाली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाचही केंद्रं जोडली गेली. परतीचं तिकीट इथूनच काढता येऊ लागलं ते त्यामुळे.

दरम्यान खालची जमीन सरकत होतीच. १९९८ मध्ये डेकला कॉम्पॅकने घेतलं, २००२ मध्ये कॉम्पॅकला एचपीने. व्हॅक्स गेलं, अल्फा आलं, अल्फा गेलं, इटॅनियम आलं. २०१० पासूनची आरक्षण सिस्टिम इटॅनियमवर, पण ऑपरेटिंग सिस्टिम तीच, व्हीएमएस! वाडा तोच, वासे तेवढे बदलत गेले. २०२१ मध्ये इंटेलने इटॅनियम पाठवणंही थांबवलं.

हे जमतं कसं? लोखंड अमर असतं म्हणून नव्हे. डिस्क जाते, पंखा अडकतो, पॉवर सप्लाय जळतो. डेकने १९८३ मध्येच क्लस्टर आणलं होतं. दोन-चार मशिनं मिळून एकच काम करतात, एक बाहेर काढा, दुरुस्त करा, परत आत घ्या. खिडकीवरच्या क्लार्कला पत्ताही लागत नाही. दुसरं म्हणजे व्यवहाराची शिस्त. बर्थ एक आणि मागणारे दोघं, त्यात मध्येच लाइन तुटली, तर व्यवहार एक तर पूर्ण होईल नाहीतर झालाच नाही असं धरलं जाईल. अर्धवट काही नाही. तिसरं, नवीन मशिनवर जुना प्रोग्राम चालेल हे व्हीएमएसवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलं.

आणि चौथं, माणसं. ती कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतात. सण, सुट्ट्या, तत्काळची झुंबड, सगळ्यात रात्रपाळीला कोणीतरी लॉग वाचत बसलेलं असतं. ही माणसं रिटायर झाली की सोर्स कोड उरतो, पण अमुक ओळ का लिहिली होती हे उरत नाही. जुन्या सर्व्हरचा खरा धोका मला हाच वाटतो.

२०२५ मध्ये रेल्वेने नव्या, क्लाउडला साजेशा आरक्षण सिस्टिमची घोषणा केली. मिनिटाला ३२ हजार तिकिटांऐवजी दीड लाखाहून जास्त. हवंच होतं ते. पण आपल्याकडे 'मेंटेनन्स प्रोजेक्ट मिळाला' म्हटलं की समोरचा सांत्वन करायला लागतो, तेव्हा मला सीएमसी आठवते. दुसऱ्याची टाकून दिलेली मशिनं आधी सांभाळली, मग देशाची रांग मोडली. असो. पुढच्या वेळी जुन्या कोडला नावं ठेवण्याआधी तो कोणाकोणाला घरी पोचवतोय, एवढं बघा म्हणजे झालं.